नागमोडी रेघेचं घर

"झालं बाबा. आईचे सगळे निरोप कॉम्प्युटरवर आले," मुलगी म्हणाली आणि तिने बाबांच्या जुन्या फोनमधलं सगळं पुसून टाकलं. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा आवाज तेवढा त्या फोनमध्ये उरला होता.

मुलीने कॉम्प्युटरवर शोधलं. निरोप कुठेच नव्हते.

"चहा ठेवू का, बाबा?"

"आधी आवाज लाव."

निरोप हलवायचा प्रोग्राम तिनेच लिहून पेनड्राइव्हवर ठेवला होता. निरोप कुठे न्यायचे, त्या पत्त्यात तिने '~' अशी नागमोडी रेघ घातली होती. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत या रेघेचा अर्थ 'माझं घर', म्हणजे वापरणाऱ्याचा मुख्य फोल्डर. पूर्ण पत्ता लिहायचा कंटाळा, म्हणून सगळेच ती वापरतात.

जावई मदतीला आला. कॉम्प्युटर त्याचाच होता.

"तुझ्या पेनड्राइव्हवर किती कचरा आहे गं. हा बघ, नुसत्या नागमोडी रेघेच्या नावाचा फोल्डर. असलं नाव कोण ठेवतं? पुसतो."

"थांब, हात लावू नकोस."

पण काळ्या खिडकीत त्याची आज्ञा देऊन झाली होती. पेनड्राइव्हवरचा फोल्डर हलला नाही. जावयाच्या स्वतःच्या फायली मात्र पडद्यावरून भराभर नाहीशा झाल्या.

"अगं, माझंच सगळं गेलं."

मुलीने कपाळाला हात लावला आणि मग तिला हसूच फुटलं. "खिडकीला ती रेघ कळते. तू रेघ पूस म्हणालास, तिने तुझं घर पुसलं. माझ्या प्रोग्रामच्या भाषेला ती कळत नाही. तिला ते साधं नाव वाटलं. म्हणून प्रोग्राम जिथून चालवला तिथेच, पेनड्राइव्हवर, तिने त्या नावाचा नवा फोल्डर केला. आई त्यात आहे."

"आणि माझं काय?"

"ऑफिसचं काम गेलं?"

"ते ऑफिसात आहे. पण मी गायलेली गाणी फक्त इथेच होती."

"मग फार काही गेलं नाही," असं म्हणत तिने पहिला निरोप लावला.

"अहो, किल्ली तुम्ही घेऊन गेलात आणि मी इथे दारात उभी आहे. कुठे आहात?"

"निदान ते एक गाणं तरी..." जावई पुटपुटत होता.

"जावईबापू, जरा गप्प बसा," बाबा म्हणाले. "ती दारात उभी आहे."