लुत्सेने गाव दाखवलं!

"आज त्या फ्रानेचं तोंड कायमचं बंद करते की नाही, बघच!" चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवत लुत्सेने आरशातल्या लुत्सेला दम भरला.

लोझिना हे बेटावरचं गाव इतकं चिमुकलं, की वरच्या गल्लीत कुणी शिंकलं तर बंदरावरचा माणूस "देव भलं करो" म्हणतो. अशा गावात शेजारचा फ्राने गेला अख्खा उन्हाळा पाहुण्यांना सांगत सुटला होता की, रोगाने सगळे द्राक्षवेल मेले तेव्हा नवे वेल आणले ते त्याच्या आजोबांनी, मातियोने! लुत्सेच्या डोक्यात तिडीक गेली. ओल्या पोत्यात काड्या गुंडाळून, भर वादळात शेजारच्या बेटावरून वेल आणले ते तिच्या आजीने, मार्ताने. मातियो नुसता होडी वल्हवत होता, तोही रडत!

म्हणून यंदा डच पाहुण्यांची होडी लागली तशी गाव दाखवायला लुत्से पुढे झाली. सोबत गाईड मिर्ना, लुत्सेचं बोलणं डचमध्ये सांगायला.

"चर्चचा हा मनोरा वाऱ्याने कललाय," लुत्सेने सुरुवात केली.

"वाऱ्याने नाही!" समोरच्या बाकावरून फ्राने ओरडला. "तुझ्या आजोबांनी बांधला म्हणून!"

मिर्नाने इमानदारीत तेही सांगितलं. पाहुणे खदखदून हसले.

"या विहिरीत व्हेनिसचा कप्तान बुडाला होता."

"बकरी होती ती! आमचीच!" फ्राने आता बाक सोडून मागे मागे यायला लागला होता.

"मिर्ना, याचं काही सांगू नकोस त्यांना!"

"मावशी, ते विचारतायत ना, काका काय म्हणाले म्हणून!"

लुत्सेच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. तिने सगळ्यांना सरळ आपल्या तळघरात नेलं. तिथे ठोकळ्यांवर आजीचं जुनं पिंप आडवं ठेवलेलं होतं. आत गोड वाईन, लुत्सेच्या नातीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं जपलेली. लुत्सेने पिंपावर थाप मारली.

"हे बघा, 'मा' कोरलंय! मा म्हणजे मार्ता!"

"मा म्हणजे मातियो!" फ्राने गर्दीतून घुसला. "पुढची अक्षरं खाली गेलीत. पिंप फिरव, कळेल सगळ्यांना!"

"फिरवते! घाबरते की काय तुला?"

"तिकडून नाही गं, इकडून!"

"माझं पिंप, मला शिकवतोस?"

लुत्सेने एकीकडून ओढलं, फ्रानेने दुसरीकडून. खालचा ठोकळा निसटला. पिंप क्षणभर अडखळलं, मग धाडकन खाली आलं आणि उघड्या दारातून थेट गल्लीच्या उताराला लागलं!

"धरा! अरे, धरा कुणीतरी!"

पिंप पुढे, मागे लुत्से, तिच्या मागे फ्राने आणि त्यांच्या मागे कॅमेरे सावरत सगळं हॉलंड. एका कोळ्याच्या दारातला दगडी कट्टा आडवा आला आणि पिंपाच्या फळ्या कमळासारख्या उमलल्या. सोनेरी वाईन दगडांवरून समुद्राकडे निघाली. एका डच आजोबांनी बोट बुडवून चाखली आणि डोळेच मिटून घेतले.

लुत्से मटकन खाली बसली. अक्षरांची फळी चार तुकड्यांत पडली होती. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"लग्नाची होती रे," ती एवढंच म्हणाली.

फ्रानेचा चेहरा पडला. "माझं एक पिंप देतो लग्नाला. चांगल्यातलं."

"तुझं? नवऱ्या मुलाला काय विष घालायचंय?" लुत्से ताडकन उठली. "तुझ्या वाईनने आम्ही कढया घासतो! आणि तुझा मातियो रडत होता होडीत, रडत!"

"रडत नव्हता! ओकत होता!" फ्राने गरजला. "भर वादळात वल्हवून दाखव तू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टीही मारली. मिर्ना धापा टाकत पुढे आली, आनंदाने लालबुंद.

"मावशी, म्हणतायत असं नाटक कुठल्याच बेटावर बघितलं नाही! पुढच्या होडीलाही हेच ठेवा, पिंपासकट! आणि विचारतायत..." ती जरा चाचरली, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"कुणाच्या?"

"तुमच्या आणि काकांच्या."

लुत्सेने वाकून पायातली चप्पल काढली. पाहुण्यांनी भराभर मोबाईल वर धरले.