बहुधा: खुर्चीवर कपडे

बाबांच्या शोकसभेचं प्रेझेंटेशन धाकट्याच्या गळ्यात पडलं, कारण घरात 'त्यातलं' कळणारा तो एकटाच होता. ऑफिसात त्याचं कामच ते होतं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, माऊस धरता येत नाही, अशांनाही वापरता येतील अशी प्रेझेंटेशनं आणि वेबसाइटची पानं करून द्यायची. त्यासाठी त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. सर्टिफिकेट त्याच्या टेबलावर उभं असे. ते इतक्या बारीक आणि फिकट अक्षरांत छापलं होतं की धडधाकट डोळ्यांनाही वाचता येत नसे. पण ते काही त्याच्या कामात बसत नव्हतं.

"बाबांच्या कॉम्प्युटरवर फोटोंची फाइल आहे बघ," ताई म्हणाली. "तीच नीट कर आणि लाव. रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाचा हॉल. आणि हे बघ, विनोद नकोत."

"मी कशाला विनोद करू?"

"तू करत नाहीस. तुझ्या हातून होतात."

आई पलंगावर बसून उशीच्या अभ्र्याची घडी करत होती. तिची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. आधी मधलं गेलं, मग कडा गेल्या. घड्या मात्र अजून अशा घालायची की चारी टोकं जुळावीत.

"त्यात एक नवा फोटो आहे," ती म्हणाली. "बेचाळीस माझे ऐकून झालेत. त्रेचाळिसावा यांनी शनिवारी टाकला. म्हणाले, सोमवारी ऐकवतो, अजून एका वाक्यावर काम चाललंय." तिनं अभ्रा ठेवला आणि पुन्हा उचलला. "सोमवार काही त्यांना आला नाही. तो मला ऐकायचाय रे. एकटीनं ऐकायचं धाडस होत नाही. चार माणसांत बसून ऐकेन."

"ऐक ना. हॉलच्या स्पीकरवरच लावतो. सगळेच ऐकतील," धाकटा म्हणाला. आपण केवढं वचन देतोय हे त्याला कळलं नाही. फोटो ऐकायचा म्हणजे काय, हे त्याला पुस्तकी माहीत होतं. फोटोच्या मागे दोन ओळींचं वर्णन लिहून ठेवता येतं. डोळ्यांना ते दिसत नाही. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांना मशीन ते वाचून दाखवतं. ऑफिसात त्यानं अशी हजारो वर्णनं तपासून पास केली होती. कानांनी एकही ऐकलं नव्हतं.

बाबा जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर दिवसभर एका बोटानं कीबोर्ड बडवत बसायचे. धाकट्याची समजूत होती की ते कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. दर भेटीत तो न चुकता सांगायचा, "बाबा, पत्ते जरा कमी करा, डोळे जातील." बाबा म्हणायचे, "घरात एक जोडी तरी शिल्लक ठेवतो, काळजी करू नकोस."

फाइल सापडली. नाव होतं 'खरंच अंतिम'. धाकट्यानं ती उघडली आणि सवयीनं ऑफिसचं तपासणी-यंत्र तिच्यावर सोडलं. यंत्रानं लाल यादी काढली. चित्र १: वर्णन फार लांब, ३४२ अक्षरं. चित्र २: वर्णन फार लांब, ४०५ अक्षरं. असं करत करत चित्र ४३: वर्णन फार लांब, ६११ अक्षरं. नियम होता सव्वाशेचा. त्रेचाळीस चित्रं, त्रेचाळीस चुका. एवढे गुण तर त्याला शाळेतही कधी कमी पडले नव्हते.

खाली हिरवं बटण होतं: 'सगळं दुरुस्त करा'.

त्यानं ते दाबलं. यंत्रानं लांबलचक वर्णनं पुसून स्वतःची आटोपशीर वर्णनं लिहिली. शंभरपैकी शंभर. हिरवी टिकली. धाकट्यानं फाइल सेव्ह केली, खात्रीसाठी पुन्हा केली, आणि बाबांची फाइल म्हणून आदरानं तिसऱ्यांदा केली.

रविवारी हॉल भरला. मोजणी खात्यातले जुने सहकारी आले, शेजारी आले. पुढच्या रांगेत आत्या आणि तिचे यजमान बसले. मधोमध आई, हात मांडीवर, मान थोडी तिरकी, कान स्पीकरकडे. ताईनं दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं, त्यातला एकच जमला. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर तरुण बाबा उगवले. उघडं माळरान, शेजारी मोजणीची तिपाई.

मशीनचा सपाट आवाज हॉलभर पसरला. "चित्र एक. बहुधा: माणूस. सोबत तीन पायांचा प्राणी."

कोणीतरी खोकलं.

"बहुधा?" आई म्हणाली.

"चित्र दोन," मशीन म्हणालं. पडद्यावर आई-बाबांच्या लग्नातला सगळ्या नातेवाइकांचा फोटो होता. "मोठा समूह. बहुधा: क्रीडा स्पर्धा. डावीकडे सोफा."

डावीकडे आत्या उभी होती. हॉलमध्ये ती पडद्यापासून सहा फुटांवर बसली होती.

"सोफा कोण?" आत्यानं विचारलं.

"तू नाही गं," यजमान म्हणाले.

"मग त्या फोटोत सोफा दाखवा मला."

"चित्र तीन. माणूस पाव घेऊन उभा आहे."

तो पाव म्हणजे ताई होती, वय दोन दिवस. ताईनं धाकट्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बटण शोधताना त्याचा हात दोनदा माइकला लागला आणि हॉलला वाटलं, आता तो बोलणार आहे. म्हणून मागच्या रांगेतली दोन माणसं उठून उभी राहिली. ती उठली म्हणून तिसरी रांग उठली. मिनिटभरात अख्खा हॉल उभा होता आणि कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्या रडायला लागली. दुःखानं की सोफ्यामुळे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"थांबव ते," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळे खाली बसले. "यांचं लिहिलेलं कुठंय?"

"आई, ती वर्णनं लांब होती. नियमात बसत नव्हती."

"नियमात तर तेही कधी बसले नाहीत. म्हणून पुसलंस?"

धाकट्यानं मान हलवली. मग, तिला मान हलवलेली दिसत नाही हे आठवून, तो "हो" म्हणाला. आयुष्यात इतकं लहान वर्णन त्यानं कशाचंच केलं नव्हतं.

आई उठली. ताई धरायला धावली, तर तिनं हात सोडवून घेतला. "फोटो पहिल्यापासून लाव. आवाज बंद कर. मी सांगते."

पडद्यावर पुन्हा माळरान आलं.

"चित्र पहिलं," आई म्हणाली, आणि तिच्या तोंडून बाबा बोलायला लागले. "हा मी. वय सव्वीस. कंबर अठ्ठावीस इंच, आताची विचारू नये. शेजारी तिपाई. दोघांत सरळ उभी तीच आहे. उजव्या हाताला तू दिसत नाहीस, कारण अजून भेटली नव्हतीस. पण जागा राखलेली आहे. साधारण दोन फूट. पुढचा दाखवू?"

सगळ्यांनी पाहिलं. फोटोत बाबांच्या उजव्या हाताला खरंच रिकामी जागा होती. इतकी वर्षं ती नुसती माती होती.

"चित्र दुसरं. आपलं लग्न. तुझ्या कपाळावर घाम, थेंब तीन. डावीकडे माझी बहीण रुसलेली. तिची खुर्ची पळवली म्हणून. तिचा संशय नवऱ्यावर आहे. खुर्ची मी पळवली. तिला सांगू नकोस, संसार चाललाय तो चालू दे. पुढचा दाखवू?"

आत्यानं सावकाश मान वळवून यजमानांकडे पाहिलं. "एकेचाळीस वर्षं मी तुम्हाला बोलत आले."

"सवय झाली आता," ते म्हणाले.

हॉल हसला. मग रडला. मग हे दोन्ही आलटून पालटून बेचाळीस वेळा चाललं. आई एका जागी उभी राहून, एकदाही न अडखळता, न दिसणारे फोटो दिसणाऱ्यांना दाखवत होती. धाकटा नुसतं बटण दाबत होता. पत्ते नव्हते ते. सहा वर्षं, एका बोटानं.

बेचाळिसावा संपला. "पुढचा दाखवू?" आई म्हणाली, आणि गप्प झाली. पुढचा तिला येत नव्हता.

पडदा बदलला. बाल्कनी, दुपारचं ऊन, वेताची खुर्ची. खुर्चीत आई, डोळे मिटलेले, एका कानात इअरफोन, ओठांच्या कोपऱ्यात हसू. ती बाबांचं लिहिलेलंच ऐकत असणार. फोटो काढला जातोय हे तिला कळलेलं नव्हतं.

"यात काय आहे?" आईनं विचारलं.

धाकट्यानं घाबरून आवाज चालू केला.

"चित्र त्रेचाळीस. बहुधा: खुर्चीवर कपडे."

"तू आहेस आई," ताई कशीबशी म्हणाली.

"मी?" आई म्हणाली. "कपडे आहेत हे त्यातल्या त्यात बरं झालं." कोणी हसलं नाही. मग तिनं विचारलं, "आणि यांनी काय लिहिलं होतं?"

धाकट्यानं ते वाचलं नव्हतं. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हॉलमागच्या जिन्यात जाऊन त्यानं ऑफिसच्या मशीनवाल्याला फोन लावला.

"फाइल बंद केलीस?" मशीनवाल्यानं विचारलं.

"हो."

"सेव्ह करून?"

"तीनदा."

"तीनदा कशाला?"

"खात्री म्हणून."

"मग खात्री झाली," मशीनवाला म्हणाला. "जुनी कॉपी बघ कुठं असली तर."

"तुमचं यंत्र काही साठवून ठेवत नाही का?"

"मजकूर नाही ठेवत. लांबी ठेवतं."

बाबांच्या कॉम्प्युटरवर 'अंतिम एक' ते 'अंतिम अठरा' सगळ्या फाइली मिळाल्या. बेचाळीस वर्णनं त्यांत जशीच्या तशी होती, काना-मात्रेसकट. त्रेचाळिसावा फोटो एकीतही नव्हता. तो फक्त 'खरंच अंतिम'मध्ये होता. बापाच्या शेवटच्या मजकुराची धाकट्याकडे आता नुसती लांबी उरली होती. सहाशे अकरा अक्षरं. बाबा असते तर म्हणाले असते, चला, मोजमाप तरी अचूक आहे.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन आईकडे गेला. आई बाल्कनीत त्याच खुर्चीत बसली होती. आठवडाभर ती त्याला एक शब्द टाकून बोलली नव्हती. बोलली असती तर बरं, असं त्याला वाटत होतं.

"मी लिहितो," तो म्हणाला. "मला दिसतं तसं."

"लिही."

"एक बाई खुर्चीत बसली आहे."

"बहुधा म्हणायचं राहिलं तुझं."

तो उठला. मग आत जाऊन बाबांची मोजपट्टी घेऊन आला. खुर्ची ते कठडा मोजलं. दोन फूट चार इंच. फोटोत आईच्या कपाळावर चार आठ्या होत्या, त्या मोजल्या. इअरफोनची वायर गळ्याभोवती एकदा गुंडाळलेली, स्वेटरचं वरून दुसरं बटण तिसऱ्या काजात.

"तेव्हाच सांगायचं ना त्यांनी, बटण चुकलंय म्हणून," आई पुटपुटली. "दिवसभर तशीच फिरले असेन."

धाकटा फोटो मोठा करून खालच्या कोपऱ्यात गेला. थांबला.

"आई, तुझ्या पायावर सावली आहे."

"कठड्याची असेल."

"नाही. माणसाची. ऊन त्याच्या पाठीमागून आहे. डोक्यावर टोपी, दोन्ही हात वर, फोन धरलेला. हॉलमध्ये कोणालाच दिसली नाही."

"कुठपर्यंत आहे?"

त्यानं पडद्यावर पट्टी ठेवली. खुर्चीच्या हिशेबानं आकडा काढला, तपासला. "तुझ्या गुडघ्यापर्यंत. एक फूट सात इंच."

आईनं वाकून आपला गुडघा चाचपला. मग तिथून खाली पावलापर्यंत हात फिरवला, जिथं आता नुसतं ऊन होतं. हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"लिही ते," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. एका बोटानंच लिहिलं. दहा बोटांनी जमेना.

"किती झाली अक्षरं?"

"दोनशे चार. यंत्र लाल झालंय. दुरुस्त करू का म्हणून विचारतंय."

"त्याला म्हणावं, तू जरा बस. यांची किती होती?"

"सहाशे अकरा." "अजून चारशे सात राहिली आई. मला येत नाहीत गं."

"ती नकोच लिहूस," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिनं हात पुढे केला. त्याच्या डोक्यावर ठेवायला गेली, लागला तो कानाला, तिनं तोच धरला. "ती मला ठाऊक आहेत. आणि तुझ्यासमोर वाचण्यासारखी नाहीत."

धाकट्यानं कान सोडवून घेतला नाही. तसाच वाकून शेवटी दोन शब्द जोडले आणि मशीनला वाचायला लावलं. ते आपल्या सपाट आवाजात सगळं वाचत गेलं. खुर्ची, कठडा, आठ्या, चुकलेलं बटण, सावली. कशावरही जोर नाही, कुठं थांबणं नाही. आणि शेवटी म्हणालं, "पुढचा दाखवू?"

पुढचा नव्हता.

"थांबा जरा," आई मशीनला म्हणाली. "अजून हाच बघतेय."