एका नाकाचे नव्वद नमुने

साथीच्या काळात एकट्या सरकारने किती नाकं तपासावीत, यालाही मर्यादा असते. म्हणून दुसऱ्या लाटेत परिपत्रक निघाले, की खासगी उद्योगांनी चाचण्यांच्या कामात उत्स्फूर्त सहभाग द्यावा (न देणाऱ्यांची नावे वर कळवली जातील). आठवड्याला तीस नमुने द्यायचे. एक जरी पॉझिटिव्ह निघाला तर कारखाना चौदा दिवस बंद.

आमगावच्या डोमनलाल कटरेने आपल्या राईस मिलच्या शेडमध्ये हिरवा पडदा बांधला आणि परिपत्रक दोनदा वाचले. नमुने तीस हवेत असे त्यात होते. नाकं तीस हवीत असे कुठेच नव्हते.

मिलचा हमाल बुधराम नवेगाव बांधकडचा. त्याला साधी शिंक आलेली कोणी पाहिली नव्हती. तो रोज मिलमधल्या पाच कामगारांच्या नावांनी नाक पुढे करू लागला.

"काका, काल तुमी शालीकराम होते ना?" चाचणी करणाऱ्या दिव्याने विचारले.

"आज दुर्गेश आहो, बाई. सेठ सांगते तसं."

दिव्यालाही वर आकडा द्यायचा असे, त्यामुळे तिचे समाधान झाले. तीन आठवड्यांत नमुने नव्वद, पॉझिटिव्ह शून्य.

चौथ्या सोमवारी कामगारांपुढे आदर्श राहावा म्हणून यादीत खुद्द मालकाचे नाव घातले. त्या सकाळी बुधरामला कणकण होती. "उन्हाची असन," डोमनलाल म्हणाला. बुधरामने डोमनलाल म्हणून नाक पुढे केले आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

खरे सांगावे तर गुन्हा, न सांगावे तर चौदा दिवस विश्रांती. "घरी जाय, कोणाले सांगू नको," असे बुधरामला बजावून डोमनलाल धडधाकट अंगाने ॲम्ब्युलन्समध्ये चढला. मिलला सील लागले.

तिसऱ्या दिवशी विलगीकरण केंद्राच्या खिडकीतून त्याला ऑटोत आडवा पडलेला बुधराम दिसला. त्याची बायको धनवंता कारकुनापुढे हात जोडून उभी होती.

"याचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. खाट पॉझिटिव्हलेच मिळते," कारकून म्हणाला. "आन् नवी टेस्ट करायला किट नाही उरल्या." (तालुक्यात चाचण्या फार वाढल्या होत्या.)

"कागद निगेटिव्ह असन साहेब, पण याले श्वास घेता येऊन नाही राहिला."

डोमनलालने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग तो बाहेर आला.

"लिहून घ्या. ते नाक याचं होतं. माही खाट याले द्या."

कारकुनाने लिहून काही घेतले नाही, पण खाट दिली. बुधरामला ऑक्सिजन लागला तो डोमनलालच्या नावाने, आणि अकराव्या दिवशी डोमनलाल बरा झाल्याची नोंद होऊन बुधराम घरी गेला.

मिलमधला खरा शालीकराम मात्र त्याच आठवड्यात वारला. त्याच्या नावावर सहा निगेटिव्ह रिपोर्ट असल्यामुळे तो कशाने गेला, हे कागदोपत्री समजू शकले नाही. डोमनलाल त्याच्या दारापर्यंत गेला आणि आत न जाता परतला.

तालुक्याचा बाधितांचा दर त्या महिन्यात एक टक्क्याच्या खाली आला. पेपरात तो ठळक छापला होता. तुम्ही तो चहा पिता पिता वाचलात, नाकं कोणाची हे विचारले नाहीत, "चला, गेली एकदाची साथ" म्हणालात, आणि मास्क हनुवटीखाली ओढून लग्नाच्या पंगतीत जाऊन बसलात.