नेने मास्तरांचा ‘इंजर्ड’

आमच्या नेने मास्तरांसमोर कुणाला साधं ठेचकाळायचीही सोय नव्हती. रक्त पुसायच्या आधी ते विचारत, “कसं लागलं? अपघाताने असेल तर इंजर्ड, कुणी हत्याराने मारलं असेल तर वुंडेड. आधी ठरवा, मग बोंबला!”

मुरूडच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी गणित. बिऱ्हाडंही शेजारी. देशातून इंग्रज जाऊन पाचसहा वर्षं झाली होती. जाताना हे एक क्रियापद तो मास्तरांच्या ताब्यात देऊन गेला, असं मी म्हणायचो. एकदा माझ्या खांद्यावर नारळ पडला. मी कळवळतोय आणि हे खूष! “वा! चाकू नाही, भांडण नाही. शुद्ध इंजर्ड!” पुढे आठवडाभर वर्गात माझाच खांदा चालू होता. मला भयंकर राग आला.

एका दुपारी कोळीवाड्यातली हिराबाई रडत शाळेत आली. नवरा मुंबईला गोदीत कामाला, आणि मुंबईहून तार आलेली. तार म्हणजे माणूस गेला, हा कोळीवाड्याचा ठाम समज. तार कुणी वाचलीही नव्हती, पण मागून आलेल्या म्हातारीच्या हातात हिराबाईच्या बांगड्या फोडायला दगड तयार होता.

मास्तरांनी तार वाचली आणि ते गरजले, “खबरदार! टाका तो दगड! ‘इंजर्ड’ लिहिलंय. मेलेल्याला इंजर्ड म्हणत नाहीत!”

“गुर्जी, खरा सांगा, जिता हाय ना माजा मानूस?”

“जिवंत आहे गं. लागलंय फक्त. चल, मी येतो.”

एक तास बुडाला तरी हळहळणारे मास्तर तिला घेऊन मिळेल त्या एसटीने निघाले.

महिन्याने नवरा पायाला प्लास्टर घालून घरी आला. हिराबाई हिरव्या बांगड्या वाजवत टोपलीभर पापलेटं घेऊन मास्तरांच्या दारी हजर. मास्तर पक्के शाकाहारी, त्यामुळे पापलेटं आमच्याकडे आली. खांद्याचा राग मी तिथेच सोडून दिला.

संध्याकाळी ओटीवर मी विचारलं, “एका नजरेत तुमची खात्री कशी झाली हो?”



“आमची ही बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा मलाही तार आली होती,” ते म्हणाले. “चारच शब्द होते. त्यांत ‘इंजर्ड’सारखा एखादा सापडेल म्हणून मी ती पुन्हा पुन्हा वाचली.”