घुगऱ्यांच्या मागे उभी गोळी

माझ्या लेकीच्या बारशाला माझ्या मोठ्या बहिणीच्या, शरयूताईच्या कंपवाताच्या गोळीनं, कामावर यायला उशीर होईल, असं ताईच्या पोटातून कळवलं. गोळीचा आवाज बारीक, पण शिस्तीचा.

"कारण?" मी विचारलं.

"घुगऱ्या. साडेदहाला वाटीभर आत गेल्या. मी आले अकराला. दार एकच. आता हरभरे पुढे आणि मी मागे."

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, डाळी-कडधान्यांशी तिचं पटत नाही. पण आमच्या सासूबाईंना बारशाला आलेलं माणूस घुगऱ्यांशिवाय बसलेलं बघवत नाही. त्यांना काय बोलणार, कप्पाळ!

मुहूर्त बाराचा होता. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि माझ्या लेकीला आत्या एकच, शरयूताई. ती खुर्चीत थिजून बसली होती. आवाज घशातच अडकलेला.

"दोनची गोळी आत्ताच दिली तर?" माझ्या बायकोनं, मृणालनं विचारलं.

"आम्ही दोघी एकदम लागलो कामाला, तर ताईंचे हातपाय नाचतात," गोळी म्हणाली. "दोनचीनं दोनलाच यावं."

ताई कशीबशी पुटपुटली, "मृणालच्या बहिणीला सांग रे कानात नाव सांगायला. माझ्यापायी लोक उपाशी नकोत."

मला रागच आला. मी चार वर्षांचा होईपर्यंत या बाईनं मला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, आणि माझ्या मुलीला मात्र आपल्या हातून पडेल म्हणून तिनं एकदाही घेतलं नव्हतं. मी बाहेर जाऊन जाहीर केलं, "गोळी रांगेत आहे. बारसं थांबलंय." बायकांनी माना डोलावल्या आणि पंखे मोठे करायला सांगितले.

सव्वा वाजता गोळी म्हणाली, "हजर."

ताई उठली. चार पावलं चालून पाळण्याशी वाकली आणि कानात नाव सांगितलं. पाठीत धपाटे घालायला बायका बिचकल्या, तर म्हणते, "घाला की, मी काय काचेची आहे?"

मग तिनं गोळीला विचारलं, "किती वेळ आहेस?"

"आज पाऊण तास. जास्त झेपणार नाही."

"पुरे," म्हणत ताईनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं. जेवायलाही उठली नाही.

दोनला गोळी म्हणाली, "माझी वेळ संपली."

"ये हं," ताई म्हणाली. तिचा हात मुलीच्या पाठीवर होता आणि हळूहळू थोपटल्यासारखा हलायला लागला होता. मृणाल पुढची गोळी घेऊन आली, तर ताईनं मानेनंच तिला थांबवलं. पोरगी नुकती झोपत होती.