बाईसाहेबांचं वजन

गणितात मी आजवर चुकलेलो नाही. शाळेत मुलं मला वचकून असतात आणि वेळापत्रक जमेनासं झालं की मुख्याध्यापक मलाच बोलावतात. तेव्हा कोंबडीचं वजन करण्याची कामगिरी मी आपणहून अंगावर घेतली, यात नवल नाही.

कोंबडी म्हणजे बाईसाहेब. आमच्या मागच्या अंगणातल्या, रंगाने तांबूस, स्वभावाने तापट. पिल्लू असल्यापासून बायकोने त्यांना तळहातावर दाणे टिपायला शिकवलंय. मला त्या चोच मारतात. त्या दिवशी मी अगदी जवळ गेलो, तरी चोच मारली नाही. तेव्हाच ओळखलं, प्रकरण गंभीर आहे! तुरा फिका, पिसं फुललेली, मान आत ओढलेली. दाण्याकडे ढुंकूनही बघेनात.

बायकोने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. ते लांब कुठेतरी एका गाईच्या बाळंतपणात अडकले होते.

"मागचं औषध घरात आहे ना? तेच द्या. पण डोस वजनावर. कमी पडला तर गुण येणार नाही, जास्त झाला तर कोंबडी हातची जाईल. वजन करून सांगा, मी फोनवरच आहे."

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर बाईसाहेबांना धड बसवेना. मग मी युक्ती लढवली. त्यांना कडेवर घेतलं आणि माणसांच्या वजनकाट्यावर उभा राहिलो. त्र्याऐंशी!

"आता एकटे उभे राहा," बायको म्हणाली.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. गेले काही महिने मी सकाळी फिरायला जातो आणि दर रविवारी घरात माझं उतरलेलं वजन जाहीर करतो. जाहीर मी करतो, काटा नाही. फिरणं कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत असतं.

"परत कशाला उभं राहायचं? माझं वजन मला माहीत नाही? शहात्तर! त्र्याऐंशी वजा शहात्तर..."

बोलता बोलताच मला घाम फुटला.

"सात," खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी उत्तर देऊन टाकलं.

"सात किलो?" बायको किंचाळली. "अहो, ही फार तर दोन किलोची असेल!"

"आजारी आहे ना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मला तर ती कालच जड लागली होती," सासूबाई म्हणाल्या. काल त्यांनी तिला हातही लावला नव्हता.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई! पोट बघा केवढं सुटलंय!"

त्या कोंबडीकडेच बघत होत्या. तरी मी पोट आत घेतलं.

"सात?" फोनवर डॉक्टरही हादरले. "मग पोटात पाणी झालंय, मास्तर! आशा कमीच आहे. नेहमीच्या साडेतीन पट औषध द्यावं लागेल. वजन नक्की ना?"

"नक्की, डॉक्टर," बायको हुंदके देत म्हणाली. "यांची वजाबाकी कधी चुकत नाही."

ते खरंच होतं. वजाबाकी चुकलीच नव्हती.

बायकोने बिनसुईच्या सिरिंजमध्ये काठोकाठ औषध भरलं आणि बाईसाहेबांना मांडीवर घेतलं. त्यांनी डोळे मिटून तिच्या तळहातावर मान टाकली.

"जरा कमी दे ना," मी म्हणालो. "काटा जुना झालाय."

"तुमच्या वाढदिवसालाच तर आणलाय!"

सिरिंज चोचीपाशी गेली. एकीकडे अब्रू, दुसरीकडे जीव. तो मला टोचणारा जीव असला, तरी जीवच. आणि बायकोचं रडणं मला खरोखर बघवेना.

"थांब!" मी ओरडलो. "त्यातले पाच किलो माझे आहेत!"

फोनमधून गाय तेवढी हंबरली.

"म्हणजे कोंबडी दोन किलोचीच," डॉक्टर सावकाश म्हणाले. "मग नेहमीचाच डोस द्या, बरी होईल. त्या पाच किलोंसाठी मात्र दुसरा डॉक्टर गाठा. मी फक्त जनावरं बघतो."

"नाही, डॉक्टर," बायको डोळे पुसत म्हणाली. "तुम्हीच बघा."

आठवडाभरात बाईसाहेब टुणटुणीत झाल्या. डॉक्टरांचा चौकशीला फोन आला. बायकोने स्पीकर चालू केला.

"खातेय का नीट?"

"पोटभर! दाणे, पाला, काकडी. मागेल ते देतेय."

"आणि मास्तर?"

"त्यांचं सगळं बंद केलंय."

मी अंगणातून ऐकत होतो. बाईसाहेबांनी अर्धी काकडी तशीच टाकली होती. आसपास कुणी नव्हतं. बरं, ते जाऊ द्या!