तबकडी संपेपर्यंत

त्या शनिवारी सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या श्रवण विभागात तीनशे बारा तबकड्या, एक रेकॉर्ड प्लेयर, दोन स्पीकर, चाळीस खुर्च्या आणि सव्वीस श्रोते होते. सत्काराचे हार नऊ होते. विभाग सांभाळणाऱ्या बुद्धप्रियाने ही मोजणी दोनदा केली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून एकदाच मोजून तिचं समाधान होत नसे.

मोजणीला कारण होतं. श्रवण विभागाकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा तो बंद करून त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवाव्यात, असा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात गेला होता. तो टळायला एकच अट होती : 'किमान पंचवीस श्रोत्यांनी एक संपूर्ण कलाकृती, ती आपोआप संपेपर्यंत, ऐकावी. कोणी मध्येच बंद केल्यास ती ऐकली नाही असे समजावे.' अटीचं पालन होतं की नाही हे पाहायला निरीक्षक गुरुशांत बिराजदार भिंतीला टेकून उभे होते. ते बसले असते तर श्रोत्यांत मोजले गेले असते, आणि तसं नियमात नव्हतं.

कलाकृती बुद्धप्रियाने निवडली होती. १९६८ साली विलायतेतल्या चार तरुणांनी काढलेली, सायकेडेलिक रॉकची प्रायोगिक तबकडी. तिच्यात उलटी वाजवलेली सतार होती, गळका नळ होता, आणि गिटार तर विहिरीत उतरून वाजवल्यासारखी. बुद्धप्रियाचा या चौघांवर फार जीव. तबकडीच्या शेवटी त्यांनी एक गंमत करून ठेवली होती. शेवटची खाच पुढे न जाता गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळत होती. तिथे भांडं पडतं, बाई हसते. पुन्हा भांडं पडतं, पुन्हा बाई हसते. माणसाने सुई उचलेपर्यंत हेच. ही गोष्ट ती प्रास्ताविकात सांगणार होती. पण सत्कार लांबले, म्हणून अध्यक्ष त्रिंबकरावांनी प्रास्ताविकच रद्द केलं.

पहिली बाजू झाली, दुसरी झाली, आणि गंमत सुरू झाली. भांडं, बाई. भांडं, बाई.

बुद्धप्रिया सुई उचलायला उठली. त्रिंबकरावांनी मिटलेले डोळे न उघडता हात वर केला. "बसा हो. आत्ता कुठे रंगतंय."

"सर, हे संपलंय."

त्रिंबकरावांनी एक डोळा उघडून बिराजदारांकडे पाहिलं. "संपलंय का, साहेब?"

बिराजदारांनी स्पीकरकडे कान केला. "आवाज येतोय. आवाज येतोय तोवर कलाकृती चालू आहे. मॅडम, तुम्ही हात लावलात तर मला 'मध्येच बंद केली' असं लिहावं लागेल."

"पण ही आपोआप कधीच संपणार नाही!"

"ते तबकडीने बघावं. अट श्रोत्यांसाठी आहे."

अशा वेळी सगळ्यांत आधी उठणारा माणूस आपण नसावं, असं प्रत्येकाला वाटतं. तुम्हालाही वाटलं असतं. तरी एक जण फोन कानाला लावून बाहेर गेला तो गेलाच. उरले पंचवीस.

तेवढ्यात कल्लप्पा चुळबुळले. ते पुस्तक बदलायला मैंदर्गीहून आले होते आणि चहा आहे म्हणून बसले होते. "ताई, आमची शेवटची गाडी हाय की. ह्या बाईचं हसू कवा थांबतंय?"

"काका, तुम्ही उठलात तर विभागच बंद पडेल."

"असं व्हय? मग बसतो. पन तिला म्हनावं, भांडं नीट ठेव."

दाराशी बजाबाई किटली घेऊन उभी राहिली. "चहा तिसऱ्यांदा उकळला, बाई. आता काढा झालाय त्येचा."

इकडे दुसऱ्या रांगेत रसग्रहण सुरू झालं होतं.

"आता त्या हसण्यात दुःख उतरलंय. जाणवलं?"

"मघापासून जाणवतंय."

"भांडं म्हणजे समाज."

"आणि बाई?"

"बाई म्हणजेसुद्धा समाजच. फक्त आतून."

पाऊण तास झाला. बुद्धप्रियाने पंचवीस डोकी पुन्हा मोजली, आणि नेमकी वीज गेली. जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये जरा वेळ जीव होता. अंधारात भांडं 'ढूंऽऽ' करत खाली बसलं. बाईचं हसू म्हाताऱ्याच्या जांभईसारखं लांबलं, आणि विझलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय शेवट आहे!" त्रिंबकरावांनी आता दोन्ही डोळे उघडले. "असा शेवट आपल्याकडे होत नाही."

मोबाइलच्या उजेडात बिराजदारांनी शिरगणती केली. "आपोआप संपली. श्रोते पंचवीस. विभाग चालू राहील." बुद्धप्रियाला इतका आनंद झाला की तिने बजाबाईच्या हातून काढ्याचे दोन कप घेतले आणि एक कल्लप्पांना दिला.

"गाडी गेली न्हवं?" कल्लप्पा म्हणाले. "जाऊंदे. पन शेवट लई भारी."

सगळ्यांचं तेच मत पडलं. सर्वोत्तम भाग कोणता, असं बिराजदारांनी विचारताच पंचवीसच्या पंचवीस हात वर गेले : शेवटचा. किती खोल, किती विविध, प्रत्येक वेळी काहीतरी नवं.

"त्या भागाची लांबी लागेल मला," बिराजदार म्हणाले. "मोजून द्या."

वीज आल्यावर बुद्धप्रियाने सुई पुन्हा शेवटच्या खाचेत ठेवली, दहा फेऱ्यांचा वेळ घेतला आणि त्याला दहाने भागलं. लांबी एक पूर्णांक आठ दशांश सेकंद भरली.